गोव्यातली वार्षिक पक्षी-यादी: नवं वर्ष, नवा धागा

मांडवीकाठ (धागाकर्ता) · 2 जानेवारी, सकाळी 7:50

मंडळी, वर्षभरात कोणाला पक्ष्यांच्या किती जाती दिसल्या याचा मागचा धागा फार लांबला आणि शेवटी शेवटी त्यात नुसते आकडे उरले. अमक्याचे एवढे, तमक्याचे तेवढे, खाली हात जोडलेल्या अभिनंदनांची रांग. कोणाला काय, कुठे, कधी दिसलं ते शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. म्हणून यंदा नवा धागा काढतोय आणि एकच विनंती करतोय: आकड्याबरोबर जागा आणि पहिल्यांदा दिसल्याची तारीख लिहा.

नियमांवरून दर वर्षी जुंपते, तेव्हा आधीच सांगून टाकतो. 1 जानेवारी ते 31 डिसेंबर, फक्त गोवा. पक्षी जिवंत, रानचा आणि मोकळा हवा. पिंजऱ्यातून सुटलेली बजरीगर, कॉकटील मंडळी आनंदाने बघा, पण मोजू नका. आवाजावरून ओळखलेला चालेल. मात्र ओळख तुमची हवी, मोबाइलची नको. घरट्यापाशी प्लेबॅक (ध्वनिमुद्रित हाक) लावून बाहेर काढलेला पक्षी इथे लिहायचा नाही, आणि घरट्याची नेमकी जागा तर कोणीच लिहायची नाही. यावर चर्चा नाही.

माझी सुरुवात नेहमीसारखी रायबंदरच्या धक्क्यावरून. पोदेराची (पाववाल्याची) पोंपों ऐकू यायच्या आधीच दयाळ गात होता, तो यंदाचा पहिला. मग फेरीबोटीने चोडणला. डॉ. सालिम अली अभयारण्य इनमीन पावणेदोन चौरस किलोमीटरचं, पण ओहोटीला खारफुटीच्या मुळांशी चिखल उघडा पडला की एका जागी उभं राहून तासभर सहज जातो. ब्राह्मणी घार, ऑस्प्रे, तीन जातींचे बगळे, सामान्य तुतवार, घोंग्या खंड्या. परत येताना करमळीच्या तळ्यावर जांभळ्या पाणकोंबड्या आणि अडईंचा थवा. पन्नाशी दुपारच्या जेवणाआधी पार झाली. जानेवारीत हे असंच होतं, त्यात कर्तबगारी काही नाही. खरा कस मार्चनंतर.

तुम्ही सांगा.

नवी_दुर्बीण · 2 जानेवारी, दुपारी 1:15

म्हापशाहून. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते. सासूबाईंनी वाढदिवसाला दुर्बीण दिली (हो, सासूबाईंनी). स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलेले पक्षी मोजले तर चालतात का? आणि गाडी नाही, घरात लहान मूल आहे, तर वर्षात शंभर होतील का?

शेकाट्या · 2 जानेवारी, दुपारी 2:40

ताई, खिडकीतले तर आधी मोजायचे. दयाळ, तांबट, कोकीळ, भारद्वाज, दोन शिंजीर, शिंपी, बुलबुल, हळद्या, कोतवाल, साळुंकी, कावळ्यांच्या दोन जाती, शिक्रा, घार. शेजारी एखादं वडाचं किंवा उंबराचं झाड असेल तर फळं धरल्यावर कुटुर्गा आणि मलबारी कवड्या धनेशही येतो. म्हापशाच्या आसपास तो दिसतो, त्यासाठी मोल्याचं जंगल गाठायची गरज नाही.

शंभराची काळजी करू नका. गोव्याच्या एकूण यादीत साडेचारशेच्या वर जाती आहेत आणि राज्य अवघं 3,702 चौरस किलोमीटरचं. समुद्रकिनाऱ्यावरून निघालात तर घाटाच्या पायथ्याशी पोचायला दोन तास पुरतात. इतक्या थोड्या अंतरात खाडी, शेत, सडा (जांभ्याचं उघडं पठार), बागायत आणि सदाहरित जंगल अशी रांग दुसरीकडे क्वचितच लागते. म्हणून तर बागा-हडफड्यात उतरणारे इंग्रज पर्यटक गेली कित्येक वर्षं गळ्यात दुर्बीण अडकवून शेतांच्या बांधांवर फिरताना दिसतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ती कोणी सांगत नाही. किनाऱ्यावर जायचं तर घड्याळ बघून नाही, भरतीचं वेळापत्रक बघून जायचं. मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी ऐन ओहोटीला गेलात तर चिखलरेतीचा मोठा पट्टा उघडा असतो आणि पक्षी त्यावर विखुरलेले, लांब, ऊन थरथरत असलेले. दुर्बिणीतून नुसते ठिपके. भरती चढायला लागली की पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. भरतीच्या आधीचे दोन तास वाळूच्या दांड्यावर कुरव, सुरय आणि लहान चिखले सगळे एकत्र दाटीने बसतात. जवळ जायचं नाही, आपण बसायचं. बसलं की तेही बसून राहतात. मूल बरोबर असेल तर हे आणखी बरं, ते वाळूत खेळतं.

दुर्बीण कितीची आहे?

नवी_दुर्बीण · 2 जानेवारी, दुपारी 3:05

आठ बाय बेचाळीस लिहिलंय.

शेकाट्या · 2 जानेवारी, दुपारी 3:07

चांगलीच निवडली. सासूबाईंना नमस्कार सांगा.

सडेकर · 3 जानेवारी, रात्री 9:30

दर वर्षी तेच. चोडण, करमळी, मोरजी, तांबडी सुर्ल, बोंडला. सड्यावर कोण जातं? आम्ही पेडण्याची माणसं लहानपणापासून जांभ्याच्या त्या काळ्या कातळावर फिरलो. लोक म्हणतात, तिथे काय आहे? मलबारी चंडोल आहे. माळटिटवी आहे, साधी टिटवी नाही, पिवळ्या गलोलाची. संध्याकाळी रातवा रस्त्यावर येऊन बसतो. हिवाळ्यात गवतावर भोवत्या फिरत असतो, जमिनीला लागून. पावसात कातळावरच्या खळग्यांत पाणी साठतं, फुलं येतात, तेव्हा तर बघायलाच नको.

आणि सडा म्हणजे 'पडीक जमीन' अशी नोंद असल्यामुळे पहिला बुलडोझर तिथेच येतो. मोप्याचं पठार आमच्या डोळ्यांसमोर विमानतळ झालं, 2023 च्या जानेवारीत विमानं उडायला लागली. विमानतळ हवा की नको यावर मला इथे वाद नको. मी एवढंच म्हणतो की त्या पठारावर आधी काय काय होतं याच्या याद्या फार थोड्या आहेत, कारण वर्षयादीवाल्यांना चंडोल एकदा कुठेतरी मिळाला की पुन्हा सड्यावर यायचं कारणच उरत नाही.

खाजनकार · 4 जानेवारी, सकाळी 6:55

सडेकरांनी मर्मावर बोट ठेवलं. वर्षयादीतली मोठी गोम हीच. टिटवी 1 तारखेला लिहिली की उरलेलं वर्षभर टिटवीकडे कोणी बघत नाही. नवीन काही नाही दिसलं तर लोक घरी येऊन यादीच टाकत नाहीत.

ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना शेवटी एक प्रश्न येतो: तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? त्याला 'हो' म्हणता येईल अशी यादी करा. किती वेळ, किती अंतर तेही टाका. सगळे लिहिले असं सांगितलं तरच न लिहिलेला पक्षी त्या सकाळी तिथे दिसला नाही असं धरता येतं. नुसता 'आज नवरंग मिळाला' एवढाच मजकूर असेल तर त्यातून नवरंग होता हे कळतं, बाकी काहीच नाही. 2023 चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला त्यात 942 जातींचा विचार झाला आणि 178 जातींकडे तातडीने लक्ष द्यावं असं ठरलं. तो सगळा डोलारा तीस हजारांहून अधिक हौशी लोकांच्या अशा रोजच्या याद्यांवर उभा आहे.

म्हणून माझी सुधारणा: पहिल्या तारखेबरोबर हिवाळी पाहुण्यांची शेवटची तारीखही लिहा. पांढरा धोबी एप्रिलमध्ये शेवटचा कोणी पाहिला? पहिली तारीख सगळ्यांना ठाऊक असते. शेवटची तारीख त्या दिवशी कळतच नाही, पक्षी गेल्यावर मागे वळून बघितलं की कळते. त्यासाठी रोज लिहिलेलं असावं लागतं.

मांडवीकाठ · 4 जानेवारी, सकाळी 8:20

मान्य. नियमात घालतो. पण ज्यांना जमेल त्यांनीच, नाहीतर लोक पळून जातील.

सावकाश · 5 जानेवारी, दुपारी 12:10

मी पक्षी बघायला लागलो तेव्हा दुर्बीण भाड्याने आणत होतो. यादी केली नाही असं नाही, पण आकडा कोणाला सांगायची पद्धत नव्हती. आता जगाचा विक्रम कोणाचा, देशाचा कोणाचा, जिल्ह्यात पहिला कोण. 2015 साली एका अमेरिकनाने वर्षभर जग फिरून 6,042 जाती पाहिल्या, पुढच्याच वर्षी डच माणसाने 6,852 करून तो विक्रम मोडला. विमानातून उतरायचं, स्थानिक माणसाने बोट दाखवायचं, टिक करायची, पुन्हा विमान. ह्याला पक्षिनिरीक्षण म्हणायचं असेल तर म्हणा.

आपल्याकडे तेच लहान प्रमाणावर चाललंय. तांबडी सुर्लच्या बाजूला फ्रॉगमाउथची जोडी दिवसा झुडपात झोपलेली असते. तिच्यासमोर सकाळी गट, दुपारी गट. फ्लॅश. तो बिचारा निशाचर, डोळे मिटून वाळक्या पानांसारखा बसून राहतो आणि लोक म्हणतात 'किती शांत आहे'. शांत नाही, तो लपलाय.

वाटाड्या · 5 जानेवारी, रात्री 10:45

सावकाश काका, तो बोट दाखवणारा स्थानिक माणूस मी. तुमचं पटतं, पण आमच्या बाजूनेही थोडं ऐका.

पाहुणा येतो चार सकाळींसाठी. खिशात छापलेली यादी असते: कर्णा, नवरंग, फ्रॉगमाउथ, तिबोटी खंड्या, राज धनेश, मलबारी शीळकरी कस्तूर. आणि बुलबुलांत तो पिवळा, लालबुंद गळ्याचा, आपला राज्यपक्षी. यातलं काही सुटलं की तोंड पडतं. नव्या गाईडवर दडपण येतं, मग स्पीकर निघतो. मीही सुरुवातीला लोकांना खूश करायला धावायचो. आता पहिल्याच संध्याकाळी सांगतो की नवरंगासाठी एकदा शीळ वाजवली आणि आला नाही तर पुन्हा नाही. फ्रॉगमाउथपाशी पाच मिनिटं, फ्लॅश नाही, फांद्या बाजूला करायच्या नाहीत. ज्यांना हे पटत नाही ते दुसरा गाईड घेतात, घेऊ देत.

पावसातली गोष्ट वेगळी आणि वाईट. जून लागला की तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या भिंतीत बीळ करतो. रंगीत पक्षी, ठरलेली फांदी, पिल्लांसाठी सरडा-पाल घेऊन ठरलेल्या वेळी येणार. फोटोवाल्यांना आणखी काय हवं? एकाने जागा ग्रुपवर टाकली की दुसऱ्या दिवशी पाच ट्रायपॉड. नर-मादी चोचीत भक्ष्य धरून दूर बसून राहतात, बिळात जात नाहीत. म्हणून घरट्याची जागा न लिहिण्याचा नियम केलात त्याबद्दल आभार.

पण काका, यादी नसती तर हे पाहुणे आले नसते, आणि पाहुणे नसते तर आमच्या गावातली दोन-तीन पोरं आज जंगलात बंदूक घेऊन गेली असती. हेही खरं.

सावकाश · 6 जानेवारी, सकाळी 9:00

बाबा, तुझं शेवटचं वाक्य मला दिवसभर पुरेल. बाकी माझं मत तेच.

भुवई_बदक · 6 जानेवारी, सकाळी 11:30

मंडळी, एक हलका प्रश्न. ऑक्टोबरात माझा गोव्याचा आकडा घरबसल्या बदलला. मी काही बघितलं नाही, कुठे गेलो नाही. कोणी चावी फिरवली?

खाजनकार · 6 जानेवारी, दुपारी 12:05

वर्गीकरणाची चावी. ई-बर्डचं वर्गीकरण साधारण दर ऑक्टोबरात अद्ययावत होतं. एक जात मानलेल्यांच्या दोन होतात, कधी दोनांची एक. लेसर सँड प्लोव्हर म्हणून आपण जे मोरजीला मोजत होतो त्याचे तिबेटी आणि सैबेरियन असे दोन झाले; आपल्या किनाऱ्यावरचे तिबेटी. गायबगळ्याचे पूर्वेचे आणि पश्चिमेचे असे दोन झाले, आपला पूर्वेचा. म्हणजे बहुतेक वेळा नुसतं नाव बदलतं, आकडा नाही. तुम्ही परदेशात वगैरे पाहिले असतील तर तिथला एक वाढतो. गोव्याचाच बदलला असेल तर तुमच्या जुन्या यादीत एखादी नोंद मोघम पडली असेल, 'अमुक किंवा तमुक' अशी. उघडून बघा.

भुवई_बदक · 6 जानेवारी, दुपारी 12:40

सापडलं. दोन नोंदी मोघम झाल्या होत्या. फुकटचे आलेले नाहीत, उलट गेलेत.

तेरेखोलकर · 7 जानेवारी, संध्याकाळी 6:20

सीमेचा प्रश्न राहिला. केरीच्या किनाऱ्यावर उभा राहिलो तर समोर तेरेखोल नदीपलीकडे किल्ला. नकाशा न बघणाऱ्याला वाटतं पलीकडे महाराष्ट्र. पण तेरेखोल गाव नदीच्या उत्तरेला असूनही गोव्यात! म्हणजे किल्ल्यावर बसलेला ससाणा गोव्याचा. तोच उडून आरोंद्याच्या बाजूला उतरला की महाराष्ट्राचा. मी दोन्ही राज्यांच्या याद्या ठेवतो, मग मी काय करू?

शेकाट्या · 7 जानेवारी, संध्याकाळी 6:31

दोन्हीकडे एकेकदा बसेपर्यंत थांबा.

मांडवीकाठ · 7 जानेवारी, रात्री 8:00

आपल्या धाग्यापुरतं असं ठेवू: पक्षी जिथे, राज्य तिथलं. तुम्ही कुठे उभे आहात याला महत्त्व नाही. चोर्ला घाटात तर तीन राज्यं जवळजवळ, तिथेही हेच. आणि वेंगुर्ल्याच्या खडकांवर गुहेत घरटी करणाऱ्या पाकोळ्या बघून आलात तर त्या सिंधुदुर्गाच्या. पाकोळी पुढे आपल्या हद्दीत उडताना दिसली तर लिहा, पण दुसऱ्या पाकोळ्यांपासून ती वेगळी कशी ओळखली तेही लिहा.

गालजीबागची · 9 जानेवारी, सकाळी 10:15

काणकोणहून. सगळे जानेवारीबद्दलच बोलताय, म्हणून मी पावसाळ्याबद्दल लिहिते. मागच्या धाग्यात जून ते सप्टेंबर नुसता शुकशुकाट होता. दुर्बिणीला बुरशी येते, जळवा चिकटतात, सगळं खरं. पण कॅलेंडरचं वर्ष आपल्या हिवाळ्याचे दोन तुकडे करतं हे कोणी लक्षात घेत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तुतवार, धोबी, बदक सुटलं तर हरकत नाही, सप्टेंबरपासून ते पुन्हा येतात, डिसेंबरपर्यंत वेळ असतो. पावसाळी पक्ष्याला मात्र वर्षातून एकच दार. चातक मेच्या शेवटाला किंवा जूनमध्ये येतो, तेव्हा घरात बसलात तर पुढचं वर्ष बघा.

आणि समुद्र! जोराचा पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस लागला की खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर येतात. फ्रिगेटबर्ड, काळसर सुरय, लगामी सुरय, कधी पेट्रेल. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे बोटीने खोल समुद्रात सहसा कोणी जात नाही. त्या काळात समुद्री पक्ष्यांची जी काही माहिती मिळते ती किनाऱ्यावर छत्री धरून उभं राहणाऱ्या माणसाकडूनच. मी उभी राहते. उंच जागा हवी, पाठीला आडोसा हवा आणि दुर्बीण पुसायला कोरडा पंचा छत्रीच्या आत लटकवलेला हवा. बराच वेळ काहीच दिसत नाही, आणि मग लाटांच्या वर एक लांब पंखांचा काळा आकार पंख न हलवता वाऱ्यावर कापत जातो.

थकून किनाऱ्यावर पडलेला पक्षी मिळाला तर पाण्यात परत फेकू नका. लोक चांगल्या मनाने तेच करतात आणि तो मरतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, कोरडा ठेवा, पाणी-मासे तोंडात कोंबू नका आणि वनखात्याला कळवा. असा पक्षी यादीत मोजायचा का?

मांडवीकाठ · 9 जानेवारी, सकाळी 11:40

जिवंत असेल तर मोजा. वाऱ्याने आणला, आपण नाही.

सडेकर · 9 जानेवारी, दुपारी 1:10

गालजीबागची, पावसात सड्यावर या एकदा. जळवा नाहीत.

कुडचड्याची_पोर · 11 जानेवारी, संध्याकाळी 5:50

आमच्या नंदा तळ्याचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचा निषेध. 2022 मध्ये ते रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या) गेलं, गोव्यातलं पहिलं. 42 हेक्टर आहे, रेल्वे स्टेशनपासून लांब नाही. पावसाळा सरल्यावर पाणी अडवतात, त्यावर खालची भातशेती होते. काल अडया, काळ्या डोक्याचे शराटी, तारवाली भिंगरी, कांस्यपंखी जकाना, छोटे पाणकावळे. जकाना कमळाच्या पानांवर एवढी पावलं टाकत चालतो की माझ्या धाकट्या भावाला तो पाण्यावर चालतोय असंच वाटलं, आणि मी त्याला खरं सांगितलं नाही.

यंदाचा आकडा 71. सगळे केपे तालुक्यातले. गाडी नाही, सायकल आहे.

खाजनकार · 11 जानेवारी, संध्याकाळी 7:25

हे वाचून एक सुचलं. राज्याच्या यादीत तोच पुढे जातो ज्याच्याकडे गाडी, पेट्रोल आणि सुट्ट्या. तालुक्याची यादी का करू नये? बारा तालुके आहेत. प्रत्येकाने एक तालुका धरायचा, राहता तोच असं नाही, आणि त्यातच वर्षभर फिरायचं. मग सासष्टीवाल्याला जंगल नाही म्हणून तो खाजनात (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतात) जाईल, सत्तरीवाल्याला समुद्र नाही म्हणून तो म्हादईच्या काठचे कोपरे धुंडाळेल. कुंभारजुव्याच्या कालव्यासारखी जागा अशीच कोणीतरी हट्टाने धरून ठेवल्यामुळे कळते. खारफुटीतला कॉलर्ड खंड्या पश्चिम किनाऱ्यावर फार थोड्या जागी दिसतो आणि आपल्याकडे जुवारी-कुंभारजुव्याच्या बाजूला होडीतून दिसतो. (कालव्यात हात घालू नका, मगरी आहेत.)

मी तिसवाडीतली खाजनं घेतो. मानस (बांधातलं पाण्याचं दार) कधी उघडणार हे मला गावातले लोक सांगतात. ओहोटीला मानशीतून पाणी बाहेर जायला लागलं की मासे दाराशी गोळा होतात आणि बगळे, खंड्ये, पाणकावळे त्याच्या आधीच येऊन बसलेले असतात. त्यांना वेळ कोण सांगतं ते अजून कळलेलं नाही.

सावकाश · 12 जानेवारी, सकाळी 8:05

तालुक्याची यादी असेल तर मी आहे. डिचोली माझी. मयेच्या तळ्यापर्यंत चालत जाता येतं. आकडा मात्र सांगणार नाही.

वाटाड्या · 12 जानेवारी, सकाळी 8:30

काका, सांगू नका. तारखा तेवढ्या द्या.

तेरेखोलकर · 12 जानेवारी, सकाळी 9:10

पेडणे घेतला. सडेकर, तुमच्याशी भांडण होणार.

सडेकर · 12 जानेवारी, सकाळी 9:12

सडे माझे, किनारा तुझा.

मर्लिनभक्त · 14 जानेवारी, रात्री 10:00

आवाजाच्या नियमाबद्दल. मर्लिन अॅपने बोंडल्याला एका जागी दहा मिनिटांत सर्पगरुड, कुटुर्गा, हळद्या, शिक्रा असे सगळे दाखवले. एकही डोळ्यांनी दिसला नाही. हे लिहायचे का? अॅप इतकं चुकेल असं वाटत नाही.

वाटाड्या · 14 जानेवारी, रात्री 10:20

अॅप चुकलं नसेल, भृंगराजाने फसवलं असेल. शेपटीला दोन झुबके असलेला तो काळा कोतवाल सर्पगरुडाची हाक इतकी हुबेहूब काढतो की मीही मान वर करतो. हरेवासुद्धा नकला करतो. एकाच झाडातून, एकाच उंचीवरून, एकामागोमाग चार जातींचे आवाज आले की आधी काळी शेपटी शोधायची. आवाज आकाशातून वर-वर सरकत गेला तर सर्पगरुड, झाडातच राहिला तर बहुतेक भृंगराज.

मर्लिनभक्त · 14 जानेवारी, रात्री 10:34

म्हणजे चार गेले, एक आला.

वाटाड्या · 14 जानेवारी, रात्री 10:35

भृंगराज बघितल्याशिवाय तोही नाही.

मांडवीकाठ · 20 जानेवारी, सकाळी 7:30

आठवण: फेब्रुवारीच्या मध्यावर शुक्रवार ते सोमवार चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते. निदान पंधरा मिनिटांची यादी, कुठूनही, गच्चीवरूनसुद्धा. तालुका धरलेल्यांनी निदान एक यादी अशा जागेवरून टाका जिथे सहसा कोणी जात नाही. करमळीला त्या दिवशी माणसं पक्ष्यांपेक्षा जास्त असतील, तिथे माझी गरज नाही. मी दिवाडीच्या शेतांत. आतापर्यंत धारबांदोडा आणि मुरगाव कोणी घेतलेले नाहीत. मुरगाववाले कोणी आहे का?

बोगमाळो · 20 जानेवारी, सकाळी 9:45

आहे. नोकरी पाळीची, पण सकाळची पाळी सुटली की दुपारी मोकळा. मुरगाव लिहा माझ्या नावावर.

नवी_दुर्बीण · 21 जानेवारी, दुपारी 4:10

बार्देश कोणाबरोबर वाटून घेतला तर चालेल का? आणि ओळखायला मदत हवी. हडफड्याच्या शेतात, पाणी साचलेल्या वाफ्यात. मैनेएवढा, चोच सरळ, वरून तपकिरी, चालताना शेपूट खाली-वर करतो. मला तीन नावं दिसतायत आणि तिन्ही तुतवारच.

शेकाट्या · 21 जानेवारी, दुपारी 4:25

बार्देश माझाही, वाटून घेऊ. पक्ष्याबद्दल: पाठीवर पांढरे ठिपके ठळक होते की बारीक? डोळ्यावर पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत गेली होती का? पाय पिवळसर की गडद हिरवट? उडाला तेव्हा पंखांची खालची बाजू काळसर दिसली का?

नवी_दुर्बीण · 21 जानेवारी, दुपारी 4:50

ठिपके भरपूर, ठळक. भुवई लांब. पाय पिवळसर. उडाला तेव्हा पंखाखाली फिकट होतं आणि 'चिफ-इफ-इफ' असं ओरडला.

शेकाट्या · 21 जानेवारी, दुपारी 4:54

वुड सँडपायपर, तुमच्या तीन तुतवारांतला ठिपक्यांचा. हिरवा तुतवार असता तर पंखाखाली काळा दिसला असता, आणि सामान्य तुतवाराच्या खांद्यापाशी छातीचा पांढरा रंग वर चढलेला असतो. तारीख, वेळ, वाफा कुठला ते लिहा, आणि एप्रिलमध्ये त्याच वाफ्यावर पुन्हा एकदा जा.